दुसरं काम म्हणजे पहिल्याशी बेइमानी नव्हे

एखादा चित्रकार रॉक बँडमध्ये वाजवतो असं कळलं, की आपल्या कलावर्तुळातल्या जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. त्यात कौतुक थोडं आणि कीव जास्त. ‘हात चांगला होता हो त्याचा,’ असं चक्क भूतकाळात बोललं जातं. तो माणूस जिवंत असतो, रोज सकाळी स्टुडिओत जाऊन रंग कालवत असतो, पण यांच्या लेखी तो गेलेला. मग आवाज खाली आणून निकाल दिला जातो : एक ना धड, भाराभर चिंध्या.

या मंडळींचं म्हणणं आधी आपणच नीट मांडू, कारण ती स्वतः कधी मांडत नाहीत, नुसती हसतात. एक, चित्रकाराचं गाणंबजावणं म्हणजे फावल्या वेळातली हौस; तिला काम म्हणू नये. दोन, माणसाला एकच ध्यास पेलतो. दोन दगडांवर पाय ठेवणारा दोन्हीकडून जातो. तीन, या लोकांना मुळात वाजवता येत नाही. सूर नाही, ताल नाही, नुसता गोंगाट. चार, एका धंद्यातल्या नावावर दुसऱ्या धंद्यात माल खपवायचा, असा हा सरळ व्यवहार आहे. आणि पाच, ठेवणीतलं : आपल्याकडे कला ही साधना असते, हे चाळे तिकडचे.

पाचही मुद्दे ऐकायला भारदस्त आहेत. त्यातला एकही तपासणीला टिकत नाही.

तपासणीसाठी माणूस असा हवा, की ज्याच्या बाबतीत पळवाट काढता येणार नाही. ॲलन वेगा घेऊ. मूळ नाव बोरुक ॲलन बर्मोविट्झ, जन्म १९३८, ब्रुकलिनचा. ब्रुकलिन कॉलेजात भौतिकशास्त्र आणि चित्रकला दोन्ही शिकला. चित्रकलेला त्याचे गुरू होते ॲड राइनहार्ट. काळ्याच्या शेजारी काळा रंग ठेवून पाहणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा घेणारे. पुढे वेगाने कॅनव्हास बाजूला ठेवला आणि तो दिव्यांकडे वळला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या ओके हॅरिस गॅलरीत, म्हणजे आयव्हन कार्पसारख्या चोखंदळ माणसाच्या गॅलरीत, त्याची प्रकाशशिल्पं लागली. दरम्यान १९६९ मध्ये त्याने इगी पॉपच्या ‘द स्टूजेस’चा कार्यक्रम पाहिला होता आणि पुढच्याच वर्षी जॅझमधून आलेल्या मार्टिन रेव्हबरोबर ‘सुइसाइड’ नावाची जोडी उभी केली होती. रेव्हकडे जुनाट ऑर्गन आणि ताल देणारं एक स्वस्तातलं यंत्र, वेगाकडे माइक. गिटार नाही, ड्रम नाहीत. ‘पंक’ हा शब्द आपल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर छापणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत ही जोडी होती. पहिली रेकॉर्ड आली १९७७ साली. वेगा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. पुढे २००९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या समकालीन कला संग्रहालयाने त्याच्या दृश्यकलेचं मोठं सिंहावलोकन भरवलं. २०१६ मध्ये तो वारला, तोवर दोन्ही कामं चालू होती.

आता पहिला मुद्दा, हौसेचा. हौस कशाला म्हणायचं? जी केल्याने माणसाला बरं वाटतं आणि न केल्याने काही अडत नाही, तिला. रविवारी सकाळी निसर्गचित्रं काढणाऱ्या बँक अधिकाऱ्याची ती हौस. त्यात कमीपणा काही नाही. पण १६ जून १९७८ ला ब्रसेल्सच्या ‘आन्स्येन बेल्जिक’ सभागृहात काय झालं ते पाहा. लोक आले होते एल्विस कॉस्टेलोला ऐकायला; त्याच्या आधी मंचावर होते हे दोघं. समोरच्या गर्दीला गिटार दिसेना, ड्रम दिसेनात. एक माणूस ऑर्गनपाशी दगडासारखा उभा, यंत्र एकच ठेका धरून बसलेलं, आणि दुसरा माइक हातात घेऊन कण्हतोय, ओरडतोय, मध्येच कुजबुजतोय. आधी शिट्ट्या झाल्या. मग हुर्यो. मग सगळं सभागृह एल्विसच्या नावाने आरडाओरडा करायला लागलं. शेवटी प्रेक्षकांतल्या कोणीतरी वेगाचा माइकच पळवला. कार्यक्रम तिथेच संपला. कॉस्टेलोनेही थोडक्यात आवरतं घेतलं, दंगा पेटला, पोलीस आले, अश्रुधूर झाला. त्या तेवीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ऐकून पाहावं.

सुइसाइडच्या बाबतीत अशी रात्र अपवादाची नव्हती. लोक चिडायचे, वस्तू फेकायचे, आणि दुसऱ्या दिवशी हे दोघं पुढच्या गावी उभे राहायचे. हौसेखातर कोणी इतका मार खातं का? ज्याची गॅलरीत बरी सोय लागलेली आहे, ज्याला मोठा गॅलरीवाला हाताशी आहे, तो माणूस विरंगुळा म्हणून रोज शिव्या खायला जाईल? ज्या मंडळींना आपल्या चित्रावर वर्तमानपत्रात चार ओळी वाकड्या आल्या तर आठवडाभर झोप लागत नाही, त्यांनी वेगाला हौशी म्हणावं, हा विनोदच आहे.

दुसरा मुद्दा एकाग्रतेचा, आणि सगळ्यात लाडका. वेळ वाटला गेला, मन वाटलं गेलं, की काम पातळ होतं म्हणे. ठीक. मग हा नियम सगळ्यांना लावा की! चित्रकाराने जाहिरातीच्या कंपनीत दिवसाचे आठ तास घातलेले आपल्याला चालतात. कला महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलेलं चालतं. प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली, वर ‘कोरा कॅनव्हास’सारखं पुस्तक लिहिलं, ते विभागलेले कलावंत होते असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही, आणि होऊही नये. म्हणजे पोटासाठी वेळ वाटला तर निष्ठा शाबूत, लेखणीसाठी वाटला तरी शाबूत, आणि संध्याकाळी गिटारची पिशवी खांद्याला लावली की निष्ठा भंगली! हा कसला हिशेब?

वेळेचा मुद्दा सोडून कामाकडे पाहिलं, तर हा आक्षेप आणखीच पोकळ ठरतो. वेगाची प्रकाशशिल्पं जवळून कशी दिसतात? भिंतीवर किंवा जमिनीवर वायरींचं जंजाळ. त्यात गुंतलेले रंगीत बल्ब, ट्यूबलाइटचे तुकडे, दुरुस्तीच्या दुकानातून किंवा रस्त्यावरून उचललेलं इलेक्ट्रॉनिक भंगार, मधूनच मासिकातून कापलेला एखादा फोटो. पुष्कळदा या सगळ्याचा मिळून एक क्रूस झालेला असतो. वायरी लपवलेल्या नाहीत, जोड झाकलेले नाहीत. देवघर आणि भंगारवाल्याचं दुकान एकाच जागी थाटल्यासारखं ते दिसतं. आता सुइसाइडची पहिली रेकॉर्ड ऐका. स्वस्तातली यंत्रं, त्यांची न लपवलेली घरघर, तोच तो ठेका, आणि त्यावर एल्विस प्रेस्लीच्या गळ्याचं भूत. ‘फ्रँकी टिअरड्रॉप’ हे त्यातलं दहा मिनिटांवरचं गाणं कारखान्यातल्या एका कंगाल कामगाराच्या सर्वनाशाची गोष्ट सांगतं, आणि यंत्र एकदाही थांबत नाही. भंगार तेच, वीज तीच, श्रद्धा आणि दहशत यांचं मिश्रण तेच. यातलं चित्रकाराचं काम कुठे संपतं आणि गायकाचं कुठे सुरू होतं ते एकाग्रतेच्या पुरस्कर्त्यांनी बोट ठेवून दाखवावं. त्यांना दाखवता येणार नाही, कारण मन वाटलं गेलेलंच नाही. एकच वेड दोन पदार्थांत उतरलं आहे.

वेगा एकटा पडतो असं कोणाला वाटत असेल तर वॉल्टर डी मारियाकडे पाहावं. पाश्चात्त्य कलेच्या कुठल्याही इतिहासात त्याचं ‘द लाइटनिंग फील्ड’ सापडेल : न्यू मेक्सिकोच्या माळरानावर १९७७ साली उभे केलेले पोलादाचे ४०० खांब, एका बाजूने पंचवीस, दुसऱ्या बाजूने सोळा, प्रत्येक दोन खांबांत २२० फुटांचं अंतर. हा डी मारिया ड्रम वाजवायचा. १९६४ मध्ये लू रीड, जॉन केल आणि टोनी कॉनराड यांच्याबरोबर ‘द प्रिमिटिव्ह्ज’ नावाच्या बँडमध्ये तो होता. त्यातूनच पुढे ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ची वाट निघाली. त्याच वर्षी त्याने रातकिड्यांच्या आवाजात ड्रमचा ताल मिसळून ध्वनिमुद्रण केलं, पुढे समुद्राच्या गाजेवर दुसरं केलं. ४०० वेळा तेच अंतर राखून तोच खांब उभा करायची बुद्धी ज्याला झाली, त्याच्या हाताला ठेक्याची सवय होती, हे सांगायला समीक्षक कशाला लागतो? तरी त्याच्यावरच्या लेखांतून ड्रमचा उल्लेख येतो तो तारुण्यातली गंमत म्हणून, तळटीपेत.

आता तिसरा मुद्दा : यांना वाजवता येत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांना वाटतं की त्यांनी मर्मावर बोट ठेवलं. प्रत्यक्षात त्यांनी आपण कशाकडे पाहतोय तेच कळलं नसल्याची कबुली दिली आहे.

मिशिगनमधल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी चार कलाविद्यार्थ्यांनी ‘डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स’ नावाचा बँड काढला. नाव गॉडझिलाच्या एका जपानी चित्रपटाचं. त्या चारांत होता माइक केली. १९७३ च्या वर्षअखेरीच्या रात्री, कॉमिक्सच्या शौकिनांच्या एका मेळाव्यात, त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. व्हायोलिन, सॅक्सोफोन, व्हॅक्यूम क्लीनर आणि कॉफीचा डबा घेऊन त्यांनी ब्लॅक सॅबथचं ‘आयर्न मॅन’ वाजवायला घेतलं. दहा मिनिटांत आयोजकांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. ‘येत नाही’वाल्यांना हा पुरावा वाटेल. पण पुढे काय झालं? हाच केली १९८७ मध्ये लोकांनी टाकून दिलेली, हाताने विणलेली खेळण्यातली बाहुली-जनावरं आणि गोधड्या एका भल्यामोठ्या कॅनव्हासवर शिवतो, आणि ते काम न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जातं. घरातली टाकाऊ वस्तू उचलायची आणि तिच्याकडून तिचं नसलेलं काम करून घ्यायचं, ही युक्ती केलीने कुठे गिरवली? त्या कॉफीच्या डब्यावर. १९९२ मध्ये सॉनिक यूथ या रॉक बँडच्या ‘डर्टी’ या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर जी नारिंगी विणलेली बाहुली आहे तीही केलीचीच. आणि व्हिटनीच्या २००२ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात खुद्द ‘डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स’चं काम लागलं. ज्यांना दहा मिनिटांत हाकललं, त्यांना संग्रहालयाने मानाने आत घेतलं.

तरी कोणी म्हणेल, हे झालं चित्रकलेचं. वाजवणं तर कच्चंच होतं ना? कच्चं कोणाच्या मापाने? चित्रकार बास्कियाने १९७९ मध्ये मायकेल होल्मनबरोबर ‘ग्रे’ नावाचा बँड काढला तेव्हा तो इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवरून कानस फिरवायचा. गिटारवादनाच्या परीक्षेत नापास, कबूल. पण त्याच्या चित्रांतल्या खरवडलेल्या, खोडलेल्या, पुन्हा गिरवलेल्या रेषेकडे पाहा, आणि मग सांगा, कानस हातात घेणारा तो हात अडाणी होता की त्याला नेमकं काय हवं ते ठाऊक होतं. बँडचं नावही त्याने घेतलं ते शरीरशास्त्राच्या ‘ग्रेज ॲनॅटमी’वरून; लहानपणी मोटारअपघातानंतर इस्पितळात पडून असताना आईने आणून दिलेलं हे पुस्तक, त्याच्या चित्रांतल्या कवट्या आणि हाडं जिथून आली तेच. ज्याला आपण अज्ञान म्हणतो ते पुष्कळदा दुसऱ्या शाळेतलं ज्ञान असतं.

आणि शाळेचाच विषय निघाला आहे तर ऐका. रॉक संगीत चित्रकलेच्या वाड्यात आगंतुक शिरलं अशी जी समजूत आहे ती साफ उलटी आहे. ब्रिटिश रॉकचा मोठा भाग कलाशाळांच्या वर्गांतून बाहेर पडला. जॉन लेनन लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात होता. कीथ रिचर्ड्‌स सिडकपच्या कलाशाळेतला. पीट टाउनशेंड ईलिंगच्या कलाशाळेत शिकत असताना त्याच्या कानावर गुस्टाफ मेत्झगरची ‘स्वतःचा नाश करणारी कला’ पडली. मंचावर गिटार फोडणाऱ्या टाउनशेंडकडे पाहून ज्यांना फक्त माज दिसला त्यांना त्यामागची कलाशाळा दिसली नाही. रॉक्सी म्युझिकचा ब्रायन फेरी न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टनच्या हाताखाली शिकला. त्याच हॅमिल्टनने १९६८ मध्ये बीटल्सच्या पांढऱ्या रेकॉर्डचं कव्हर केलं. तेव्हा चित्रकाराने बँड काढणं म्हणजे परक्याच्या घरात घुसणं नव्हे. घर बांधण्यात त्याच्या जातभाईंचा हात होता.

चौथा मुद्दा, नावावर माल खपवण्याचा. यात एक कण सत्य आहे, तो मोकळेपणाने देऊन टाकू. चार दशकं स्टेडियम भरवणारा गायक म्हातारपणी ब्रश हातात घेतो आणि त्याची चित्रं सहीच्या जोरावर विकली जातात, असं होतं. पण तो गुन्हा दुसऱ्या वाजवणाऱ्या चित्रकारांच्या माथी का? वेगाने ब्रसेल्समध्ये कुठल्या नावावर काय खपवलं? अश्रुधूर?

खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. दुसऱ्या कामामुळे दार उघडत नाही, बंद होतं. डॉन व्हॅन व्हलिटला जग कॅप्टन बीफहार्ट म्हणून ओळखतं. हा लहानपणापासून शिल्पकार आणि चित्रकार. १९६९ ची त्याची ‘ट्राउट मास्क रेप्लिका’, फ्रँक झापाने निर्माण केलेली, दोन रेकॉर्डींवर अठ्ठावीस तुकडे, आजही रॉकमधल्या सर्वात धाडसी कामांत गणली जाते. तिच्या तालमी महिनोन्‌महिने एका घरात बँडला कोंडल्यासारख्या चालल्या होत्या. त्या संगीतात वाद्यं एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येक आपापला रंग घेऊन शेजारी उभं राहतं, चित्रातल्या पट्ट्यांसारखं. अशा माणसाला गॅलरीच्या जगाने काय सांगितलं? चित्रकार म्हणून मान हवा असेल तर गाणं सोड. नाहीतर जन्मभर ‘चित्रं काढणारा गवई’ राहशील. त्याने १९८२ मध्ये शेवटची रेकॉर्ड काढली, तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. १९८५ मध्ये न्यूयॉर्कला मेरी बून गॅलरीत त्याची चित्रं लागली, युरोपात मायकेल वेर्नरसारख्या गॅलरीने ती दाखवली. २०१० मध्ये तो गेला. मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्याची एकही नवी रेकॉर्ड आली नाही.

चित्रं उत्तम झाली, मान मिळाला, मग बिघडलं काय, असं विचारणारे विचारतील. बिघडलं हे, की न झालेली रेकॉर्ड कुठल्या संग्रहालयात दिसत नाही आणि तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. ‘एकाग्र हो’ हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, कारण त्याने मारलेलं काम कधी जन्मालाच येत नाही. आणि हा सल्ला कोणाच्या सोयीचा होता? कलावंताच्या? छे. ज्यांना किमतीचा तक्ता लावायचा असतो, कॅटलॉगात एका ओळीची ओळख छापायची असते, त्यांच्या. दोन व्यवसायांचा माणूस त्यांच्या खान्यात बसत नाही, म्हणून माणसालाच कापून घ्यायचं. वर त्याला निष्ठा म्हणायचं!

किम गॉर्डनने हे कापून घेणं नाकारलं. लॉस एंजेलिसच्या ओटिस कला महाविद्यालयातून ती १९७७ मध्ये बाहेर पडली, न्यूयॉर्कला आली ती चित्रकार व्हायला, आणि १९८१ मध्ये सॉनिक यूथमध्ये बास गिटार घेऊन उभी राहिली. तीस वर्षं तो बँड चालला. चित्रं, मांडणशिल्पं, लेखन सुरूच होतं. बँडच्या रेकॉर्डींची कव्हरं पाहिली तरी समकालीन कलेचं छोटं दालन होतं : १९८८ च्या ‘डेड्रीम नेशन’वर गेऱ्हार्ड रिश्टरची मेणबत्ती, १९९० च्या ‘गू’वर रेमंड पेटिबॉनचं रेखाटन. २०१९ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तिने स्वतःच्या नावावरची पहिली रेकॉर्ड काढली आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. ‘दोन्हीकडून जातो’ म्हणणाऱ्यांनी ती नेमकी कुठून गेली ते सांगावं.

राहता राहिला पाचवा मुद्दा, संस्कृतीचा. आपल्याकडे कला ही साधना, एकाच देवाची पूजा, हे दोनदोन संसार तिकडचे. हे बोलताना आवाजात जो खर्ज लागतो त्यावरून वाटावं की बोलणाऱ्याने शास्त्रं पालथी घातली आहेत. घातली असती तर बरं झालं असतं. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकायला जातो. ऋषी म्हणतात, आधी चित्रकला यायला हवी. चित्रकलेसाठी नृत्य यायला हवं. नृत्यासाठी वादन, आणि वादनासाठी गायन. म्हणजे आपल्याच परंपरेचा अभ्यासक्रम असा, की गाणंबजावणं कळत नसेल तर चित्राला हात लावू नकोस. परंपरेचा झेंडा मिरवणाऱ्यांनी तो उलटा धरला आहे.

पुराण लांबचं वाटत असेल तर कोल्हापूर जवळ आहे. बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, तैलचित्रं करत, मूर्ती घडवत. कॅमेरा स्वतः तयार करून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सिनेमा तेव्हा काय होता? आजच्या रॉकपेक्षाही हलका, तंबूतला तमाशा. त्या बाबूरावांना आपण ‘कलामहर्षी’ म्हणतो. त्यांनी सिनेमाचा नाद सोडून चित्रांवर लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणारा एक तरी भेटतो का?

आणि अरुण कोलटकर? जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक कलाकार, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले कवी. ‘जेजुरी’ १९७६ ची, तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला १९७७ मध्ये. याच कोलटकरांनी सत्तरच्या दशकात इंग्रजीत गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या, गाऊन ध्वनिमुद्रित करून पाहिली. अर्जुन शेजवळांकडे ते पखवाज शिकले. गाण्यांची रेकॉर्ड निघाली नाही. पण कोलटकरांची ओळ वाचताना जी ठेक्याची जाण लागते, शब्द कुठे तोडायचा आणि सम कुठे गाठायची याचं जे भान दिसतं, ते पखवाजावर थाप न मारलेल्या हाताचं नाही. ज्यांना कोलटकरांच्या आयुष्यातला हा भाग किरकोळ लहर वाटतो त्यांनी कोलटकरांची कविता पुन्हा, या वेळी मोठ्याने, वाचावी.

इथे खरी मेख उघडी पडते. कोलटकर पखवाज शिकले म्हटलं, की माना आदराने हलतात. कोलटकरांना रॉकची गाणी गायची होती म्हटलं, की त्याच माना अवघडतात. चित्रकार सतार वाजवत असेल तर तो व्यासंग. तोच गिटार वाजवायला लागला की ती थेरं. बैठकीत ख्याल गायला तर बहुश्रुत, माइक धरून ओरडला तर वाया गेलेला. गोव्याचा रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुकला शिकला, चित्रं काढतो. १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ची सगळी वाद्यं घरातच एकट्याने वाजवून ध्वनिमुद्रित केली, कव्हरही स्वतः केलं. त्याला आपण ‘हरहुन्नरी’ म्हणून मोकळे होतो. या गोड शब्दाने त्याच्या कुठल्याच कामाकडे नीट पाहायची जबाबदारी उरत नाही. म्हणजे प्रश्न एकाग्रतेचा कधी नव्हताच. वेळेचा नव्हता, तयारीचा नव्हता, साधनेचा तर नव्हताच नव्हता. प्रश्न पंगतीचा होता. कोण वरच्या पंगतीला बसणार आणि कोणाला ओसरीवर वाढायचं हे ज्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे, त्यांना ओसरीवरून आत-बाहेर करणारा माणूस खुपतो. मग सरळ ‘आम्हाला रॉक आवडत नाही’ म्हणायचं धाडस नसल्यामुळे ते निष्ठेची, ध्यासाची, परंपरेची भाषा बोलतात.

आवडत नसेल तर तसं सांगा. तेवढा प्रामाणिकपणा पुरेसा आहे. वेगाचं गाणं कर्कश वाटलं, केलीची बाहुली ओंगळ वाटली, तर ते मत आहे आणि त्यावर भांडता येतं. पण ‘तो चित्रकार असून गातो’ हे मत नाही. तो न पाहता, न ऐकता दिलेला निकाल आहे. समीक्षकाचं काम कलावंताच्या हजेरीपटावर सह्या करण्याचं नाही. चित्र वाईट असेल तर ते चित्र म्हणून वाईट आहे, बँडमुळे नाही. गाणं फसलं असेल तर गाणं म्हणून फसलं आहे, ब्रशमुळे नाही. आणि दोन्ही चांगली असतील, तर आपल्याला दोन चांगल्या गोष्टी मिळाल्या; त्याबद्दल माफी मागायला कलावंताला उभं करायचा अधिकार कोणालाही नाही.

कलावंत किती कामं करतो हे मोजणं सोपं असतं, म्हणून लोक तेच मोजतात. काय केलं ते पाहायला कान आणि डोळे दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवावे लागतात. वेगाने ठेवले, डी मारियाने ठेवले, केलीने, गॉर्डनने, कोलटकरांनी ठेवले. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आपली अडचण कलावंतावर लादू नये. चित्रकाराने गिटार उचलली तर चित्र कमी होत नाही. कमी पडतो तो पाहणारा.